मीटर म्हणाले, गार आहे

रेडिएटरवर कोरोनातली ताप बघायची बंदूक रोखणारा कामरेजमधला पहिला माणूस बहुधा मीच. २०२० साली सोसायटीच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळासमोर धरलेली ती पांढरी बंदूक साथ ओसरल्यावर आमच्या कपाटात येऊन पडली होती. (मी सोसायटीचा खजिनदार होतो. याहून जास्त खुलासा करणार नाही.) मे महिन्यातल्या भर दुपारी, चार रस्त्याजवळच्या गॅरेजात, मी ती गाडीच्या तोंडापाशी नेली आणि चाप ओढला. आकडा काही आला नाही. पडद्यावर इंग्रजी दोनच अक्षरे उमटली : हाय. ही बंदूक ४३ अंशांच्या आसपास हात टेकते. त्यापुढचा ताप माणसाला येत नाही, आणि आलाच तर मोजून उपयोग नसतो, अशी ती बनवणाऱ्याची समजूत असावी.

"काय म्हनते, भाऊ?" ड्रायव्हरने विचारले.

"हाय म्हणते."

"मंग तुम्ही बी नमस्कार करा."

गॅरेजातली पोरे हसली. मिस्त्रीकाका हसले नाहीत. त्यांनी बंदुकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि "साहेब, चहा घेणार?" असे विचारले. ज्या गिऱ्हाइकाचे काय करावे हे सुचत नाही त्याला ते चहा विचारतात, हे मला पुढे कळले. त्या उन्हाळ्यात मी तिथे फार चहा प्यालो.

गाडीची ओळख करून द्यायला हवी. गाडी म्हणजे ४०७. टाटांनी हे मॉडेल १९८६ साली आणले तेव्हा टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी असे चार जपानी हात एकेका देशी कंपनीचा हात धरून हलक्या ट्रकांच्या बाजारात उतरलेले होते. त्या सगळ्यांना पुरून उरलेली ही गाडी. तिच्या टर्बोवाल्या इंजिनाचे नाव ४९७ : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. हे असले तपशील मला तोंडपाठ आहेत. इंजिनातले पाणी कुठून कुठे जाते हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते.

मी मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात आम्हा खानदेशी मंडळींची एवढी दाटी आहे की सुरतेत राहूनही लग्नाच्या पंगतीला खापरावरचे मांडे चुकत नाहीत. आयुष्यभर रिंगरोडच्या कापडबाजारात दुसऱ्याचे हिशेब लिहिले आणि निवृत्तीच्या पैशांत ही गाडी घेतली. कामरेजच्या आसपास यंत्रमागांचे कारखाने आहेत, माल तिथेच भरतो, गाडी उभी करायला जागाही स्वस्त पडते, म्हणून गाडीचा मुक्काम कामरेजला. मी तिला ट्रक म्हणतो. ड्रायव्हर, मिस्त्री, टोलनाका आणि माझी बायको टेम्पो म्हणतात.

मी घेतली तेव्हापासून डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा निळ्या रेघेवर झोपलेला होता. ड्रायव्हरला त्याचे काही नव्हते. या गाडीत इंजिन अर्धे केबिनमध्ये घुसलेले असते आणि त्यावर एक पत्र्याचे झाकण असते. त्या झाकणावर तो डावा तळहात ठेवायचा, नाक वर करायचा आणि निकाल द्यायचा. आदल्या वर्षी साड्यांचे गठ्ठे घेऊन धुळ्याकडे जाताना कोंडाईबारीच्या चढावर या तळहाताने "चालतंय" असा निकाल दिला आणि वळणापलीकडे हेड गॅसकेट गेली. तेव्हा ड्रायव्हरचे म्हणणे पडले की तळहात बरोबर होता, घाट चुकला. माझे म्हणणे पडले की आता विज्ञानाशिवाय गत्यंतर नाही.

मग मी वाचायला बसलो. डिझेल गाडीला तापमानाचे सेन्सर नेमके कुठे बसवावेत यावर अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांनी जितके लिहिले आहे तितके आपल्याकडे ज्ञानेश्वरीवरही नसेल. ही माणसे डिझेल पिकअपच्या मागे चाकांवरचे अख्खे घर जोडून डोंगर चढतात. त्यांची मुख्य चिंता इंजिन नव्हे, गिअरबॉक्स. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून पुढे जाते आणि घुसळलेले तेल तापते. ८०-९० अंशांपर्यंत तेल सुखात असते. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा तिकडच्या दुरुस्तीवाल्यांचा जुना ठोकताळा.

आता हा ताप मोजायचा कुठे? यावरून तिकडे तीन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, गिअरबॉक्सच्या तळाच्या परातीत सेन्सर बुडवा, कारण गिअरबॉक्सचा संसार ज्या तेलात चालतो त्याचा ताप तिथेच कळतो. दुसरा म्हणतो, कन्व्हर्टरमधून निघून कुलरकडे जाणाऱ्या गरम नळीत बसवा. काटा नाचेल, पण संकटाची वर्दी आधी मिळेल. तिसरा कुलरवरून परत येणाऱ्या नळीत बसवतो आणि आकडा बघून खूश राहतो, कारण तिथले तेल नुकतेच गार होऊन आलेले असते. मी तिन्ही जागांवर लाल पेनाने खुणा केल्या. मला तिन्ही हव्या होत्या.

आमच्या गाडीचा गिअर हाताने टाकायचा आहे हे मला माहीत नव्हते असे नाही. ड्रायव्हर दांडी ओढतो ते मी शेजारी बसून बघत आलो होतो. पण वाचन रात्रीचे आणि दांडी दिवसाची. दोघांची गाठ पडली नाही.

तीन मीटरांचा संच मागवला : एक गिअरबॉक्सच्या तेलाचे, एक पाण्याचे, एक धुराच्या तापाचे. काळ्या पडद्यावर निळे आकडे, सोबत सेन्सर, वायरी आणि अॅल्युमिनियमचा एक तुकडा. त्या तुकड्याकडे पुढे येतो. या कथेतला खलनायक तोच, असे मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे.

गॅरेजात गोणपाट टाकून मी स्वतः गाडीखाली शिरलो. मिस्त्रीकाकांनी जॅकखाली दोन ठोकळे जास्तीचे ठेवले. माझ्याबद्दलचे त्यांचे मत मला त्यावरून कळायला हवे होते. खाली गिअरबॉक्स दिसला : ओतीव धातूचा, तेलकट, बंद. परात नाही. कुलर नाही. नळ्या नाहीत. हाताने टाकायच्या गिअरबॉक्समध्ये तेलाला पंप नसतो. दातेरी चाके तळच्या तेलात बुडतात आणि फिरता फिरता तेच तेल सगळीकडे उडवतात, एवढीच व्यवस्था. जाडसर ८०-९० नंबरचे तेल भरा, बोल्ट आवळा, विसरून जा. पण मी घरून तीन जागा ठरवून आलो होतो आणि रिकाम्या हाताने बाहेर निघणे मला कमीपणाचे वाटले. चेसीच्या कडेने एक बारीक नळी जाताना दिसली. हात लावला. कोमट! शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो, त्यामुळे मे महिन्यात तिथे सगळेच कोमट असते, हा विचार मागून आला.

"सापडली!" मी खालून ओरडलो. "गरम नळी! करवत द्या!"

पोराने करवत दिली. नळीवर दाते टेकले तेवढ्यात माझे मनगट कोणीतरी धरले. मिस्त्रीकाका पालथे पडून आत आले होते, पांढऱ्या सदऱ्यासकट.

"साहेब," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आ तो ब्रेकनी लाइन छे."

बाहेर आल्यावर चहा झाला. (यापुढचे मिस्त्रीकाकांचे बोलणे मराठीत देतो. मूळ सुरती गुजरातीत दर वाक्याला एक विशेषण होते, ते गाळले आहे. सुरतेत ते प्रेमाने वापरतात.)

काकांचे म्हणणे सरळ होते. गिअरबॉक्सचा ताप बघायचाच असेल, जो बघायची गरज आजवर कामरेजमध्ये कोणालाही पडलेली नाही, तर दोनच जागा. एक, तेल भरायचा बाजूचा बोल्ट. दुसरी, तेल काढायचा तळचा बोल्ट. बाजूच्या बोल्टापाशी तेलाची पातळी संपते, सेन्सरचे टोक कधी तेलात तर कधी हवेत. तळचा बोल्ट कायम तेलात, पण सेन्सर खाली लोंबेल आणि रस्त्याला घासेल.

"बुडालेला पाहिजे," मी म्हणालो. हे वाक्य मी वाचून आलो होतो आणि वाक्य बरोबरच होते.

"मग खाली कवच लावू. लोखंडी पट्टी वेल्ड करून."

"त्याने वजन वाढेल."

काकांनी गाडीकडे पाहिले. तिच्यात त्या वेळी ग्रे कापडाचे ताके छतापर्यंत भरले होते. ते काही बोलले नाहीत.

सेन्सरचे आटे एक अष्टमांश इंची, निमुळते. बोल्टाचे आटे मिलिमीटरी, सरळ. म्हणून बोल्टालाच मधोमध भोक पाडून त्यात आटे पाडून घ्यावे लागले. हे काम यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याने केले आणि फार सुरेख केले. या सगळ्या प्रकरणात डोळ्यांना बरे वाटावे असे काम ते एकच.

तिसरे मीटर धुराच्या तापाचे होते. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डला भोक पाडून त्यात थर्मोकपल खुपसायचा. डिझेल इंजिनावर ताण पडला की पहिली बातमी तिथे लागते, ७०० अंशांकडे काटा निघाला की पाय उचलायचा. टर्बोच्या पुढे बसवला तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी सोज्वळ दिसतो. काकांनी याला साफ नकार दिला. ड्रिलचा बुरादा आत पडला तर मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांचे काय होईल ते त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवले. ते मीटर नुसतेच डॅशबोर्डवर लावले. शोभेला बरे दिसते. पुढे ड्रायव्हरने त्यावर वणीच्या देवीचा फोटो चिकटवला.

राहिले पाण्याचे मीटर. इथे मात्र काकांचे आणि माझे खरे भांडण झाले.

पाण्याच्या सेन्सरची जागा कंपनीनेच करून दिलेली असते : सिलिंडर हेडमधून गरम पाणी बाहेर पडते तिथे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे. थर्मोस्टॅट हा मेणावर चालणारा एक दरवाजा आहे. ८० अंशांच्या थोडे पुढेमागे तो उघडू लागतो आणि तेव्हा कुठे पाणी रेडिएटरकडे निघते. तोवर सगळा ताप दरवाजाच्या अलीकडे, इंजिनात. म्हणून सेन्सर अलीकडेच हवा. आमच्या गाडीत तिथे जुना, मेलेला सेन्सर बसलेला होताच. "तो काढू, नवा तिथेच टाकू," काका म्हणाले. दहा मिनिटांचे काम.

पण संचाबरोबर अॅल्युमिनियमचा तो तुकडा फुकट आला होता! वरचा रबरी होज कापायचा, मध्ये तुकडा बसवायचा, दोन बाजूंनी क्लिपा आवळायच्या, तुकड्याच्या भोकात सेन्सर पिळायचा. माहितीपत्रकात चित्र होते आणि चित्रातला माणूस हसत होता. शिवाय हे काम मी स्वतः करू शकत होतो. ब्रेकच्या नळीनंतर मला काहीतरी स्वतः करून दाखवणे भाग होते. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला फुकट आलेली वस्तू वाया घालवणे किती जड जाते, हे काकांना कळणे शक्य नव्हते.

होज कापला. तुकडा घुसवला. क्लिपा आवळल्या. तुकड्याच्या दोन्ही टोकांना बारीक उंचवटा होता, तो कशासाठी असावा यावर मी फार वेळ घालवला नाही. चावी फिरवली. मीटर पेटले आणि त्यावर आकडा आला : उणे ४०.

कामरेजमध्ये बाहेर डांबर वितळत होते.

"सैबेरियात गेली का गाडी?" ड्रायव्हर म्हणाला. त्याला सैबेरिया कुठून माहीत, ते मला आजही कळलेले नाही.

नुकताच आयटीआय झालेला हेल्पर पोरगा पुढे आला. त्याने वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक अॅल्युमिनियमला, दुसरे चेसीला लावले. आकडा उडी मारून ४१ वर गेला. एका वायरीचा सेन्सर उरलेले सर्किट गाडीच्या अंगातून, अर्थिंगने पुरे करतो; मी तो दोन रबरी टोकांच्या मध्ये अधांतरी टांगला होता, त्याला अंगच नव्हते. पोराने हे मला समजावले, आणि त्याहून महत्त्वाची गोष्टही सांगितली, ती मी कौतुकाने ऐकली आणि सोडून दिली. हा सेन्सर म्हणजे तापला की विजेचा विरोध कमी करणारा खडा. गार असताना दोनअडीच हजार ओहम, शंभर अंशांना दोनशेच्या आसपास. याचा अर्थ असा की वायर तुटली, अर्थिंग सुटले, जोड गंजला, काहीही बिघडले की विरोध वाढतो आणि मीटरला वाटते, वा, काय गारवा आहे. डॅशबोर्डवरचा जुना काटा इतकी वर्षे निळ्या रेघेवर का झोपला होता तेही यातच आले. या यंत्राला खोटे बोलायची वेळ आली की ते बहुधा आपल्याला बरे वाटेल असेच बोलते.

गाडी बाहेर काढली. सर्व्हिस रोडच्या पहिल्याच गतिरोधकावर खालून 'टक्' असा आवाज झाला आणि गिअरबॉक्सचे मीटर उणे ४० वर गेले.

"वायर तुटली असेल," मी म्हणालो. "संध्याकाळी बघू."

"मंग वरचं मीटर तरी खरं कशावरून?" ड्रायव्हरने विचारले.

असले प्रश्न ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, कारण वरच्या मीटरवर ८६ आकडा आला होता आणि तो अत्यंत देखणा दिसत होता.

चाचणीचा बेत साधा होता. भरल्या गाडीने तापीचा पूल ओलांडून कठोरपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. पण पुलावर वाहने अडकली होती. मुंबई आणि अहमदाबादला जोडणारा रस्ता एकदा थांबला की तो काही क्षणभर थांबत नाही. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, खाली तापी. मला बरेच वाटले. उभ्या गाडीत, वारा नसताना, मे महिन्यात इंजिन किती तापते, यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा मिळाली नसती.

८८. ९०. मग ८७.

"बघ," मी म्हणालो. "उभी असूनही गार होतेय. फॅन उत्तम आहे."

८२.

रिकामा वेळ होता म्हणून मी ड्रायव्हरला थोडा इतिहास सांगायला घेतला. हे कामरेज लहान गाव समजू नकोस, जुन्या ताम्रपटांत कार्मणेय नावाचे ठिकाण येते ते हेच असे अभ्यासक मानतात. आणि ही खालची तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, आपल्या शिंदखेड्यावरून, प्रकाशावरून, उकाईच्या धरणातून इथवर येते. म्हणजे आपल्याच गावचे पाणी आपल्याआधी सुरतेला पोचले आहे. तो ऐकत होता, पण त्याचे नाक वर झाले होते.

"भाऊ, वास येतो."

"कसला?"

"तव्यावर रंग भाजल्यावानी."

"पुढच्या कंटेनरचा असेल. इथे बघ, ७४."

त्याने झाकणावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. "हात ठेवू देत नाही."

"मे महिना आहे. तुझ्या हातानेच कोंडाईबारीला काय केले ते आठव."

"पन वास—"

"वासाला आकडा नसतो," मी म्हणालो.

या वाक्यावर मी इतका खूश झालो की मोबाइल काढून मीटरचा फोटो घेतला. ७१. घरच्या ग्रुपवर टाकला : 'तापी पुलावर. बाहेर आग, इंजिन ७१ अंश.' मेहुण्याने टाळ्या पाठवल्या. बायकोने येताना कोथिंबीर आणायला सांगितली. तेवढ्यात रांग हलली, ड्रायव्हरने गाडी गिअरमध्ये टाकली, इंजिन पाय ओढत दोन गाडी-लांबी चालले आणि हूं करून बसले. पुन्हा चावी मारली तर स्टार्टर नुसता कण्हला.

मीटरवर ६९ होते.

मागच्या कंटेनरवाल्याने आपले मत भोंग्याने दिले, त्याच्या मागच्याने तोंडाने. शेवटी उसाच्या ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर, हंगाम संपल्यामुळे मोकळा, त्याने दोर बांधून आम्हाला उलट कामरेजला आणले. परतताना रस्त्यावर हिरव्या कुलंटची एक बारीक रेघ दिसत होती. गॅरेजच्या दारातून निघून, गतिरोधकावर एक मोठे थारोळे करून, पुलापर्यंत गेलेली. रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसत होती. आम्ही पुढे बघत होतो.

शवविच्छेदन मिस्त्रीकाकांनी माझ्यासमोर केले. तुकड्याच्या टोकाचा उंचवटा होता तो क्लिप सरकू नये म्हणून. क्लिप त्याच्या आतल्या बाजूला बसवायची असते. मी बाहेरच्या बाजूला, अगदी कडेवर आवळली होती. हादऱ्याबरोबर होज सुटला आणि पाणी गेले. पाणी गेल्यावर वरच्या होजात उरली हवा. सेन्सर त्या हवेत टांगलेला, पुढून फॅनचा वारा. इंजिन हेडपाशी करपत होते आणि सेन्सर, जिथे होता तिथले, प्रामाणिकपणे सांगत होता. त्याचे काही चुकले नव्हते. त्या होजात खरोखरच ७१ अंश होते.

"आणि पाणी १०० ला उकळते, मग वाफ का नाही दिसली?" मी काहीतरी विचारायचे म्हणून विचारले.

"झाकणाच्या दाबाखाली ते ११८-११९ पर्यंत दम धरते," काका म्हणाले. "पण साहेब, वाफ व्हायला पाणी लागते."

मग त्यांनी हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून फीलर सरकवून दाखवला. हेड वाकले होते. फेसिंग, नवी गॅसकेट, नवा होज. अॅल्युमिनियमचा तुकडा मी खिशात टाकत होतो तो त्यांनी मागून घेतला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. मग हिशेबाच्या कागदावर, मी बघत असताना, भंगाराचे काही रुपये मला वजा करून दिले. या माणसाचा हिशेब माझ्याहून चोख होता.

नव्याने बसवताना मला गोणपाटावर नव्हे, खुर्चीवर बसवण्यात आले. पाण्याचा सेन्सर जुन्या जागी, हेडच्या तोंडाशी, थर्मोस्टॅटच्या अलीकडे गेला. आट्यांवर टेफलॉन टेप जेमतेम गुंडाळली, जास्त गुंडाळली तर अर्थिंग जाते म्हणून. गिअरबॉक्सचा पुन्हा तळच्या बोल्टात, खाली लोखंडी पट्टीचे कवच. वजनाबद्दल मी काही बोललो नाही. आणि काकांनी स्वतःच्या डोक्याने एक वस्तू वाढवली : पाण्याच्या टाकीत पातळीचा सेन्सर आणि केबिनमध्ये भोंगा. "आधी पाणी आहे का ते विचारा," ते म्हणाले, "मग किती तापले ते." अमेरिकेतल्या मंडळींचे मी इतके वाचले होते, त्यात हे असेलही, पण माझा लाल पेन तिथवर पोचला नव्हता.

ताप बघायची बंदूक काकांनी ठेवून घेतली. तिच्याऐवजी त्यांच्याकडे गॅरेजवाल्यांची खरी बंदूक होती, ३०० अंशांपुढे जाणारी. चकचकीत धातूवर तीही कमीच सांगते म्हणून ते आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवतात आणि त्यावर रोखतात. हे त्यांनी मला पहिल्या दिवशी का सांगितले नाही? मी विचारले नव्हते. मी नमस्कार करत होतो.

ड्रायव्हरचा मात्र पुरता धर्म बदलला. पूर्वी तळहातावर चालणारा माणूस आता आकड्याशिवाय गाडी हलवत नाही. ढाब्यावर इतर ड्रायव्हरांना केबिनमध्ये बोलावून मीटर दाखवतो. त्यांच्या गाड्या किती महाग असल्या तरी गिअरबॉक्सच्या तेलाचा ताप त्यांना कळत नाही याची त्याला मनापासून कीव येते. नवापूर सोडले की फोन, विसरवाडी आली की फोन. परवा रात्री असाच कोंडाईबारीच्या पायथ्याहून आला. बायको कूस बदलून भिंतीकडे वळली.

"भाऊ, पानी ८९. गिअरनं तेल ८४."

"बरं."

"पान्याचं कळतं मला. गिअरचं ८४ म्हंजी जास्त का कमी?"

मी अंथरुणात उठून बसलो. हाताने टाकायच्या गिअरबॉक्सच्या तेलाला किती ताप म्हणजे ताप, हे मी कधी वाचलेच नव्हते. जे वाचले ते सगळे अमेरिकेतल्या ऑटोमॅटिकचे. दर ११ अंशांना निम्मे आयुष्य हा हिशेब मनात सुरू केला, पण कुठून सुरू करायचा ते सुचेना.

"वास येतोय का?" मी विचारले.

"वासाले आकडा नसतो, भाऊ," तो म्हणाला. "आकड्याचं बोला."